सुरतेला जाणारी झांज

हिलालआप्पा आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी ताट चाटलं. ताट चाटणारी माणसं मी पाहिली आहेत. श्रीखंडाच्या बाबतीत मी स्वतः त्यातलाच आहे. पण ते जेवण झाल्यावर. आप्पांनी वाढण्याआधी चाटलं. पाटावर बसले, रिकामं ताट उचललं, कडेला नखाने टिचकी मारून कानाशी नेलं, मग जिभेचं टोक लावून डोळे मिटले, आणि आत आमटी ढवळणाऱ्या माझ्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "ताट पितळनं शे, वहिनी. वरथून कल्हई शे, पन आतमा कथील नही."

ताट सुमनच्या माहेरचं, कऱ्हाडचं. तिने पाहुण्याला मुकाट्याने जेवू घातलं आणि तो गेल्यावर ताट राखेने तीनदा घासलं. हा माणूस पुन्हा पंगतीला नको, असं मला बजावलं. पुढच्याच महिन्यात तळपायाला तूप चोळायला काशाची वाटी घ्यायची निघाली, तेव्हा हीच बाई आप्पांना घेऊन बाजारात गेली. दुकानदारासमोर आप्पांनी अकरा वाट्या चाटल्या आणि बारावी पसंत केली. ती वाटी आजही घरात आहे. तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही, हे मला कबूल करावं लागतं.

मी तेव्हा नंदुरबार स्टेशनवर पार्सलबाबू होतो. पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील, तेव्हा माझी बदली तिथे झाली. रेल्वेच्या क्वार्टरांच्या ओळीत मला मिळालेल्या खोल्यांची एक भिंत आप्पांच्या खोल्यांची होती. भिंत एका विटेची. मला दुपारी झोपायची सवय. एवढं सांगितलं म्हणजे माझी पुढची नऊ वर्षं कशी गेली याची वाचकांना थोडी कल्पना येईल.

आप्पा गाडीची चाकं ठोकायचे. हे काम पुष्कळांना माहीत नसतं. गाडी स्टेशनात उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस डब्याडब्यापाशी वाकतो आणि एकेका चाकावर टोला घालतो. चाक धड असेल तर खणखणीत बोलतं, तडा असेल तर बद्द वाजतं. सगळी मदार कानावर. आप्पांनी सत्तावीस वर्षं हेच केलं होतं. त्यामुळे जगात ठोकून पाहायच्या आणि न ठोकायच्या अशा दोन प्रकारच्या वस्तू असतात, हे त्यांना पटतच नसे. ते सगळंच ठोकत. नव्या स्टेशनमास्तरांच्या टेबलावरची घंटी, सायकलचं रिंग, वकिलाच्या दारावरची कडी. नवे पैसे निघाले तेव्हा त्यांनी पहिला नवा पैसा फलाटावर टाकून पाहिला आणि सरकारबद्दल जे मत बनवलं ते शेवटपर्यंत बदललं नाही.

पण खरा जीव झांजेत. बँडमध्ये दोन्ही हातांत धरून वाजवतात ती मोठी, मध्ये फुगीर, कातडी वादीची झांज. त्याचं असं झालं की संस्थानं गेली, आणि संस्थानिकांचे बँडही गेले. पगडीवाले बँडवाले घरी बसले आणि त्यांची वाद्यं मोडीत निघाली. अशा मोडीचं एक पोतं आमच्या मालधक्क्यावर उतरवताना फाटलं आणि एक झांज घरंगळत रुळाच्या खडीवर पडली. आप्पा तेव्हा चाळीस पावलं लांब मालगाडीच्या एका वाघिणीखाली वाकलेले होते. ते म्हणत, तो आवाज कानात शिरला आणि हातोडी हातातून गळाली. ज्याची मोड होती त्या व्यापाऱ्याला गाठून त्यांनी ती झांज वजनावर विकत घेतली. मी नंदुरबारला आलो तोवर त्यांच्याकडे अशा एकतीस झाल्या होत्या. घरात जेवढ्या खुंट्या तेवढ्या झांजा. कपडे जमिनीवर.

या झांजांची त्यांनी पिढ्यांप्रमाणे मांडणी केली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती भिंत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी लागे. डावीकडे सगळ्यात जुन्या. आठ भाग तांबं आणि दोन भाग कथील, म्हणजे अस्सल कासं. यातल्या दोन तुर्की बनावटीच्या होत्या. कुठल्याशा पलटणीच्या बँडमधून फिरत फिरत आल्या होत्या. त्या ओतताना तुर्क लोक मुठीने चांदी टाकत, अशी आप्पांची माहिती. ती त्यांना कोणी दिली हे मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, झांजेने. मधल्या ओळीत लढाईच्या आगेमागे बनलेल्या. लढाईत कथील महागलं, मिळेनासं झालं, म्हणून लोकांनी जस्त मिसळलं आणि काशाचं पितळ झालं. पुढे ओतायचाही कंटाळा आला. गिरणीत लाटलेला पितळी पत्रा आणायचा आणि भाकरीसारखा गोल कापायचा. आणि अगदी उजवीकडे, दाराच्या मागे, जर्मन सिल्व्हरची एकच झांज. आरशासारखी लखलखीत, आणि आवाज डब्याच्या झाकणाचा. ती त्यांनी पाहुण्यांना लाज वाटावी म्हणून ठेवली होती.

"कथील बोलस, तांबं आयकस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कथील नसलं तर नुसतं तांबं मुकं, आणि कथील जास्त झालं तर झांज काचेसारखी फुटते. धातू ओळखायच्या त्यांच्या परीक्षाही ठरलेल्या. आधी जीभ. मग अंगठा चोळून वास. तरी शंका राहिली तर दह्याचा थेंब टाकून रात्रभर ठेवायचं. पितळेवर दही कळकून हिरवं होतं, काशावर पांढरंच राहतं. शेवटची परीक्षा म्हणजे पाडून पाहायचं. पितळेला पोचा पडतो, कासं फुटतं. ती परीक्षा ते कधी करत नसत, पण सांगत मात्र आवर्जून, आणि सांगताना आवाज उतरे. "कासं मरस, पितळ वाकस."

आता त्यांचं मोजमाप. आवाज किती वेळ टिकतो हे मोजायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. स्टेशनवर होतं, पण स्टेशनच्या घड्याळावर स्टेशनमास्तरांचाही विश्वास नसे. म्हणून आप्पांनी स्वतःचं माप काढलं होतं. झांजेवर लाकडी मोगरीने एक टोला द्यायचा आणि नंदुरबारहून सुरतेकडे निघायचं. एका श्वासाला एक स्टेशन. ढेकवद. भादवड. खांडबारा. खातगाव. चिंचपाडा. कोळदे. नवापूर. भडभुंजा. लक्कडकोट. सोनगड. व्यारा. मढी. बारडोली. गंगाधरा. चलथाण. उधना. सुरत. ज्या स्टेशनवर आवाज विरेल तिथे ती झांज उतरली. जर्मन सिल्व्हर ढेकवदलाच उतरायची. पत्र्याची खांडबाऱ्याला. बरं पितळ असलं तर रडतखडत नवापूर गाठी. कासं मात्र नवापूरची चौकी ओलांडून गुजरातेत शिरे. अस्सल झांजेचं अस्सलपण एका वाक्यात सांगायचं तर ते म्हणत, "व्यारा गाठस." आणि टाकाऊची निंदा: "खांडबारालेच उतरनी." पुढे पुढे हा शब्द ते माणसांनाही लावू लागले. बढती न मिळालेला एक तिकीट कलेक्टर होता, त्याला आख्खं स्टेशन खांडबारा म्हणायचं.

ही मोजणी रविवारी दुपारी चाले. मी जेवून आडवा होतो न होतो तोच भिंतीपलीकडून टोला पडे आणि मागोमाग आप्पांचा आवाज, "ढेकवद... भादवड..." पहिल्या वर्षी मी भिंत बडवली. आप्पांनी ती दाद समजून पलीकडून परत बडवली. दुसऱ्या वर्षी मी त्यांना समोरासमोर सांगितलं की आप्पा, मला झोप लागत नाही. त्यांनी फार सहानुभूतीने ऐकलं, आणि माझ्या खाटेच्या लोखंडी पायात खोट आहे का ते ठोकून पाहायला आले. तिसऱ्या वर्षी मी हात टेकले. तोवर मला मार्गावरची सगळी स्टेशनं ओळीने पाठ झाली होती, आणि पेंगताना मीही मनात कुठल्या कुठल्या स्टेशनवर उतरायला लागलो होतो.

झांजा मिळवायच्या त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर एक ब्राह्मणपुरीची सांगितली म्हणजे पुरे. शहाद्याकडच्या त्या गावात एका गुजर शेतकऱ्याच्या घरी आप्पा कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने गेले होते. बोलावणं अर्थातच नव्हतं. बँड कुठला आहे ते पाहायला गेले होते. तिथे चुलीवर दूध तापत होतं आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून एक तुर्की झांज होती. वादीच्या भोकातून वाफ जाते, म्हणून दूध उतू जात नाही, असं त्या घरच्या म्हाताऱ्या आजीने समजावलं. झांज घरात कशी आली ते तिला माहीत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हाही दुधावरच होती. आप्पांनी तिथेच बसकण मारली. पैसे नको, आजी म्हणाली, मला झाकण पाहिजे. तेवढंच मोठं, तेवढंच जड, मधोमध भोक असलेलं, आणि दूध उतू जाता कामा नये. झालं. पुढचे सात रविवार आप्पा तापी ओलांडून ब्राह्मणपुरीला झाकणं नेत होते. आजी झाकण ठेवायची, दूध तापवायची, दूध उतू जायचं आणि आप्पा परत यायचे. ते सात रविवार मी सुखाने झोपलो. आठव्या रविवारी त्यांनी तांबटाकडून स्वतः उभं राहून ठोकून घेतलेलं झाकण नेलं. ते बसलं, आणि झांज घरी आली.

ती बारडोलीपर्यंत जायची. त्यांच्या सगळ्या झांजांत तेवढी एकच. तिचं नाव ब्राह्मणपुरीवाली. सुना जशा माहेरच्या गावाने ओळखल्या जातात तशा आप्पांच्या झांजा ओळखल्या जात: प्रकाशावाली, रनाळेवाली, शहादेवाली. सुमन एकदा म्हणाली, की या घरात नावाने हाक न मारली जाणारी बाई एकच आहे, आणि ती म्हणजे आप्पांची बायको.

त्यांचं नाव कौतिकबाई. आप्पांच्या निम्म्या अंगाच्या, बोलणं मोजकं, पण एकदा बोलल्या की माणूस जागच्या जागी बसे. खुंट्यांवरून उतरवलेल्या कपड्यांच्या घड्या घालत त्यांची उमर गेली. त्यांचं माहेर रनाळं, म्हणजे नंदुरबारच्या पलीकडचं स्टेशन, आणि सुरतेच्या बरोबर उलट्या दिशेचं. लग्नाच्या वर्षी आप्पांनी त्यांना विचारलं होतं, की आपल्याला रेल्वेचा पास मिळतो, कुठे जायचं? नवी नवरी म्हणाली, गाडी जिथे जाते तिथे. म्हणजे सुरत. गाडी रोज आपल्या दारावरून जाते तर ती थांबते कुठे ते एकदा बघावं, एवढंच त्या बाईचं म्हणणं होतं.

आप्पांनी कबूल केलं. आणि मग झांजा सुरू झाल्या. वर्षाचे पास बडोद्याला, भुसावळला, जिथे मोड निघेल तिथे जाऊ लागले. कौतिकबाईंनी दोनतीनदा आठवण केली तेव्हा आप्पांनी एक विलक्षण तोडगा काढला. माझ्या देखतच त्यांनी तो पुन्हा एकदा सांगितला, अगदी गंभीरपणे, जणू बायकोवर उपकार करतोय. "ज्या दिन मन्ही झांज सुरतले जाई, त्या दिन तुले बी सुरत दखाडसू."

कौतिकबाईंनी भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, की झांज बारडोलीपर्यंत आलीय, चारच स्टेशनं राहिलीत. बारा-तेरा वर्षं त्या स्वयंपाकघरात बसून हा प्रवास ऐकत होत्या, आणि स्वतः खांडबाऱ्यापलीकडे गेलेल्या नव्हत्या. मला आप्पांचा मनस्वी राग आला. मी तो त्यांना बोलूनही दाखवला. ते म्हणाले, वचन म्हणजे वचन, बाबू, मी कुठे मागे घेतलंय?

आणि मग झांजा मागे येऊ लागल्या.

पहिल्यांदा रनाळेवाली व्याऱ्याऐवजी सोनगडला उतरली. आप्पांनी वादी बदलली. मग प्रकाशावाली लक्कडकोटला. मग एका रविवारी खुद्द ब्राह्मणपुरीवाली मढीला उतरली, आणि दिवाळीच्या आत व्याऱ्याला आली. आप्पा हादरले. त्यांनी सगळ्या झांजा चिंचेने घासल्या, दही लावलं, चाटल्या. धातू तोच, चव तीच, आवाज मात्र लवकर उतरतोय. महिनाभर विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला की जगातलं कथील उडू लागलं आहे. कापरासारखं. नुकतीच गावात वीज आली होती, तेव्हा दोष विजेचा. तारा धातूच्या, त्या आजूबाजूच्या धातूंमधून कथील ओढून घेतात. कल्हईवाला दारावर आला की त्याला बसवून ते विचारत, तुझी कल्हई हल्ली लवकर जाते की नाही? कल्हई लवकर जाते हे कुठला कल्हईवाला नाकारेल? तो म्हणायचा, हो आप्पा, फार लवकर, वरचेवर करायला पाहिजे. आप्पांना साक्षीदार मिळाला.

यावर त्यांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला. विषय: जिल्ह्यातील धातूंचा आवाज कमी होणेबाबत. साहेबांनी विजेच्या खांबांपासून रूळ पन्नास हात लांब न्यावेत, अशी विनंती. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला, त्यांचा अंगठा नको म्हणून सहीच घेतली, आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिला. दर आठवड्याला ते विचारत, उत्तर आलं का? मी म्हणे, वर गेलाय.

इथवर गंमत होती. मग चाकांची पाळी आली. एका सकाळी आप्पांनी मालगाडीचं एक चाक बद्द वाजतंय म्हणून गाडी थांबवली. साहेब आले, दिवा घेऊन वाकले, दोघातिघांनी ठोकून पाहिलं. चाक ठणठणीत. पंधरा दिवसांनी पुन्हा दुसऱ्या गाडीचं चाक. तेही ठणठणीत. साहेब समजुतीने म्हणाले, हिलाल, धातूत काही नाही. आप्पा म्हणाले, आहे साहेब, सगळ्याच धातूंत आहे. सत्तावीस वर्षांत त्यांचं एकही चाक चुकलं नव्हतं, म्हणून साहेब गप्प बसले. पण स्टेशनात कुजबुज सुरू झाली, की म्हातारा झांजांनी खुळावला.

त्या रविवारची गोष्ट मी विसरायची म्हटली तरी विसरणार नाही. मी जेवून आडवा झालो होतो. पलीकडे टोला पडला. कितीही झोपेत असलो तरी ब्राह्मणपुरीवाली मी ओळखत होतो. आप्पा निघाले. ढेकवद, भादवड, खांडबारा. मीही सवयीने बरोबर. चिंचपाडा, कोळदे, नवापूर. आणि आप्पांचा खचलेला आवाज आला, "नवापूरलेच उतरनी."

पण झांज वाजत होती.

एका विटेच्या भिंतीपलीकडून मला ती स्पष्ट ऐकू येत होती. मी उठून बसलो. मनात पुढे गेलो: भडभुंजा, लक्कडकोट, सोनगड. वाजतेय. व्यारा. मढी. बारडोलीला आवाज विरला, तिथेच, जिथे तो दरवेळी विरायचा. झांजेत काहीही उणं नव्हतं. कथील जागच्या जागी होतं.  नऊ वर्षं ज्याच्या आवाजाला मी शिव्या घातल्या त्या माणसाचे कान चालले होते, आणि ते त्याच्याऐवजी मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा कामावर असताना मी कौतिकबाईंना गाठलं. कसं सांगावं म्हणून घुटमळत होतो. त्यांनीच सोडवलं. "मले दोन सालपासून ठाऊक शे, बाबू," त्या म्हणाल्या. मागून हाक मारली तर ते वळत नाहीत, समोर उभं राहिलं तर सगळं समजतं. म्हणून त्या दोन वर्षं समोर जाऊन बोलत होत्या. मी विचारलं, मग त्यांना सांगितलं का नाही? त्या घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, की त्या माणसाकडे दुसरं काय आहे? धातू बिघडला म्हणतो तर म्हणू दे. धातू बिघडला तर त्याला राग येतो. कान बिघडला म्हटलं तर काय येईल ते मला माहीत नाही.

मला गप्प बसायला हवं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. पण चाकं होती. चांगलं चाक बद्द ऐकणारा कान उद्या बद्द चाक चांगलं ऐकणार नाही कशावरून? गाडीत माणसं बसतात. संध्याकाळी मी आप्पांकडे गेलो आणि म्हणालो, आप्पा, ब्राह्मणपुरीवाली ठोका. त्यांनी ठोकली. नवापूरला ते थांबले आणि मान हलवली. मी फक्त त्यांचा हात धरला आणि एक बोट झांजेच्या कडेवर अलगद टेकवलं.

बोटाला ती थरथरत होती. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, झांजेकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या कौतिकबाईंकडे. कौतिकबाईंनी मान खाली घातली.

"ही तं अजून चाली ऱ्हायनी," आप्पा म्हणाले. एवढंच.

सकाळी ड्यूटीच्या वेळेच्या आधी ते साहेबांच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी हातोडी साहेबांच्या टेबलावर आडवी ठेवली. दांडा हाताने घासून काळा झालेला होता. "आते मन्हा कान उतरना, साहेब. ही ठेवी घ्या," ते म्हणाले. साहेबांनी काही समजूत घालायचा प्रयत्न केला, पण आप्पांना तो ऐकू आला नाही, किंवा त्यांनी ऐकला नाही. निवृत्तीला दीड वर्ष होतं. साहेबांनी त्यांना बत्तीखोलीत दिलं. सिग्नलच्या कंदिलात तेल भरायचं आणि काचा पुसायच्या. त्या कामाला आवाज नसतो.

मी खणातला अर्ज फाडून टाकला. झांजा खुंट्यांवर होत्या, पण वाजेनात. एक रविवार गेला, दोन गेले, पाच गेले. भिंतीपलीकडे चिडीचूप. आयुष्यभर मी ज्याची वाट पाहिली ती शांतता मिळाली होती, आणि मला झोप येईना. मी आढ्याकडे बघत पडे. सुमन म्हणाली, आता त्यांच्याकडे जाऊन तुम्हीच एखादी ठोका. मी तिला गप्प बस म्हणालो, कारण मी तोच विचार करत होतो.

सहाव्या रविवारी टोला पडला. पण हात वेगळा होता, हलका. आणि मागोमाग बाईचा आवाज, "ढेकवद."

मी तसाच उघड्या अंगाने मागच्या दाराने त्यांच्या अंगणाच्या दाराशी गेलो आणि उंबऱ्यातच थांबलो. आप्पा स्टुलावर बसले होते. ब्राह्मणपुरीवालीच्या वादीला दोरी बांधली होती, दोरीची दोन टोकं त्यांच्या दोन बोटांना गुंडाळलेली, आणि बोटं दोन्ही कानांत. पोरं चमचा दोरीला बांधून कानात घंटा ऐकतात ना, तसं. झांज त्यांच्या गुडघ्यांपाशी लोंबकळत होती. साठीच्या घरातला माणूस, अंगावर रेल्वेचा निळा सदरा, आणि हे ध्यान. समोर कौतिकबाई, हातात मोगरी. झांजेला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. त्या मोठ्याने, एकेका श्वासाला एक, स्टेशनं म्हणत होत्या, कुठेही न अडखळता. खांडबाऱ्यापुढची तर कधीच न पाहिलेली स्टेशनं. आप्पांची नजर त्यांच्या ओठांवर होती. आवाज आहे तोवर ते मान डोलवत होते, आहे, आहे, अजून आहे.

खांडबारा. चिंचपाडा. नवापूर. आप्पा मान डोलवतायत. सोनगड. व्यारा. मी उंबऱ्यातच उभा. मढी. बारडोली. बारडोलीला आवाज विरला. मी कान देऊन ऐकत होतो, अंगणात चिटपाखरू नव्हतं. झांज गप्प झाली होती.

आप्पांनी मान डोलवली.

"गंगाधरा," कौतिकबाई म्हणाल्या. आप्पांनी मान डोलवली. त्यांचे डोळे बायकोच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. "चलथाण." मान डोलली. "उधना."  एवढ्या लांब त्या कधी आल्या नव्हत्या.

"सुरत," त्या म्हणाल्या.

आप्पांनी कानातली बोटं काढली आणि झांज हळूच मांडीवर घेतली. "उतरनी," ते म्हणाले. मग मला पाहून, जणू मी बोलावल्यावरून आलोय अशा थाटात, "बाबू, दोन जनसना पासना अर्ज लिखा. सुरत."

मी लिहिला, आणि हा अर्ज मी खणात ठेवला नाही. दहा-बारा दिवसांनी सकाळच्या गाडीला मी त्यांना पोचवायला फलाटावर गेलो. कौतिकबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि आप्पांनी त्यांना खिडकीशी बसवलं होतं. झांज बरोबर नव्हती. गाडी हलली तशा कौतिकबाई आप्पांकडे वळल्या आणि त्यांना ओठ दिसतील अशा बेताने म्हणाल्या, "ढेकवद." आप्पांनी मान डोलवली.

दोरी कानात घातली की आवाज वाढतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आप्पांना त्या दिवशी सुरतेपर्यंत खरोखर ऐकू आलं असेल, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण मी त्यांचे डोळे पाहिले होते. बारडोलीनंतर ते झांज ऐकत नव्हते.

आणि आणखी एक. झांजेपासून हातभर अंतरावर कौतिकबाई उभ्या होत्या. बारडोलीला ती गप्प झाली हे मला उंबऱ्यातून कळलं. त्यांना कळलं नसेल असं होणार नाही. त्यांचे दोन्ही कान शेवटपर्यंत उत्तम होते.